कर्ज काढले म्हणून शहरात घर, कर्ज काढले म्हणून गावात नाव कट



ज्याच्याजवळ स्वतःचे पक्के घर नाही त्याला पहिल्या घरासाठी सरकारने हातभार लावावा, असे या देशात ठरले. त्यासाठी एकाच नावाच्या दोन योजना निघाल्या. प्रधानमंत्री आवास योजना शहरी, सुरुवात २५ जून २०१५. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, घोषणा २० नोव्हेंबर २०१६, आग्र्याहून. नाव एक, फोटो एक, घोषणा एक. पण दोघांची नियमांची पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर एकाच घरात जेवायला बसलेल्या दोन भावांपैकी एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याच्या पानात ताकाचे पाणी वाढलेले दिसते.

आजच्या जिल्हा बैठकीत घरकुलाचा विषय निघणारच आहे. यादीत नाव कोणाचे आले, कोणाचे कटले, कोणी कोणाला किती दिले, यावर दोन तास जातील. ते जाण्याआधी ही दोन पुस्तके वाचून घेऊ.

शहराचा हिशेब

शहरी योजनेचे चार भाग होते. झोपडपट्टीचा एक, भागीदारीतल्या घरांचा एक, स्वतः घर बांधणाऱ्याचा एक आणि चौथा गृहकर्जाच्या व्याजावरच्या अनुदानाचा. आपण या चौथ्याकडे बघू.

त्याचा नियम असा होता. वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाने घरासाठी कर्ज काढले, तर पहिल्या ६ लाखांवर साडेसहा टक्के व्याज सरकार भरणार. वीस वर्षांचे हे व्याज आजच्या किमतीत मोजून एकरकमी कर्जखात्यात जमा. जास्तीत जास्त रक्कम २ लाख ६७ हजार.

बरे, हे झाले कमी उत्पन्नाचे. १ जानेवारी २०१७ पासून मध्यम उत्पन्नाचे दोन गट आणखी जोडले. ६ ते १२ लाख उत्पन्न असेल तर ९ लाखांच्या कर्जावर ४ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ३५ हजार. १२ ते १८ लाख उत्पन्न असेल तर १२ लाखांच्या कर्जावर ३ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ३० हजार. घर केवढे असावे? शेवटच्या गटासाठी २०१८ मध्ये मर्यादा वाढवून २०० चौरस मीटर चटईक्षेत्र केली. मध्यमवर्गाचे हे दोन गट ३१ मार्च २०२१ ला बंद झाले आणि कमी उत्पन्नाचा गट ३१ मार्च २०२२ ला.

१ सप्टेंबर २०२४ पासून शहरी योजनेचा दुसरा अवतार आला. आता ९ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचे घर, २५ लाखांपर्यंतचे कर्ज. त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के. मदत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. आधीपेक्षा हात थोडा आखडला आहे, हे मान्य. तरी तत्त्व तेच राहिले. बँकेने तुम्हाला कर्ज दिले की तुम्ही मदतीला पात्र.

गावाचा हिशेब

आता आपले पुस्तक उघडा. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसकट. म्हणजे २६९ चौरस फूट. भागा १ लाख २० हजाराला २६९ ने. चौरस फुटाला साडेचारशे रुपयेसुद्धा येत नाहीत. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी २०१६ च्या आखणीत त्यावर धरली होती, तीही यात मिळवा. गवंड्याला विचारा, एवढ्यात पायापासून स्लॅबपर्यंत घर उभे करशील का म्हणून. तो हसेल.

ही रक्कम २०१६ ची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली, योजना २०२८-२९ पर्यंत वाढवली आणि घरामागची रक्कम मात्र तीच ठेवली. म्हणजे २०१६ च्या पैशात २०२९ चे घर बांधायचे. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. महागाई फक्त त्यांच्या घरात येते आणि गावातल्या वाळू-विटांना ती ठाऊकच नाही, असे यांचे अर्थशास्त्र. राज्य सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातला काही भाग पुन्हा छतावरच्या सौर यंत्रासाठी. म्हणजे केंद्राची रक्कम पुरत नाही, हे राज्य सरकारनेच कागदावर कबूल केले.

देण्याची रीतही बघा. २०१७ ते २०२२ या काळात शहरातल्या कर्जदाराच्या खात्यात वीस वर्षांचे अनुदान एकदम जमा होत होते. गावात पहिला हप्ता १५ हजारांचा. मग पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, छत पडले की फोटो. प्रत्येक फोटोनंतर पुढचा हप्ता, आणि दोन हप्त्यांच्या मध्ये उघड्या पायावर एक पावसाळा. घर पुरे झाले की दारावर योजनेचे बोधचिन्ह रंगवायचे. शहरात व्याजाचे अनुदान घेतलेल्या कोणाच्या फ्लॅटच्या दारावर तुम्ही अशी पाटी पाहिली आहे काय? तो ‘ग्राहक’ आहे. तुम्ही ‘लाभार्थी’ आहात.

एकच कर्ज, दोन न्याय

रकमेचा फरक एक वेळ बाजूला ठेवू. खरी मेख यादीतून नाव कापण्याच्या निकषांत आहे.

२०१६ च्या नियमात तेरा निकष होते. त्यातला कोणताही एक लागू पडला की नाव आपोआप बाद. मोटारसायकल असेल तर बाद. फ्रीज असेल तर बाद. घरातला एक माणूस महिना १० हजारांच्या वर कमावत असेल तर बाद. त्याच वर्षांत शहरात वर्षाला १८ लाख, म्हणजे महिना दीड लाख कमावणाऱ्याला अडीच लाखांच्या घरात मदत मिळत होती. पंधरा पट कमावणारा शहरात गरजू आणि पंधरावा हिस्सा कमावणारा गावात सधन!

२०२४ मध्ये निकष सुधारले. मोटारसायकल, फ्रीज, टेलिफोन निघाले. महिना १० हजारांचे १५ हजार झाले. चांगले झाले. पण एक निकष जसाच्या तसा राहिला. ज्याच्याकडे ५० हजार किंवा त्याहून अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड आहे, तो बाद.

हे वाक्य दोनदा वाचा. किसान क्रेडिट कार्ड म्हणजे काय? ती काही बँकेतली ठेव नव्हे. ती पीककर्जाची मर्यादा आहे. बियाणे, खत, फवारणी, मजुरी यासाठी जे उसने घ्यावे लागते त्याचे खाते आहे. आजच्या पीककर्जाच्या दराने अडीच-तीन एकर कपाशी लावली की ५० हजारांची मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज आहे, हाच तो श्रीमंत असल्याचा पुरावा धरला गेला!

रिझर्व्ह बँकेचे काय म्हणणे आहे? १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतचे शेतीकर्ज तारणाशिवाय द्यावे, असा तिचा नियम आहे. म्हणजे २ लाखांचे कर्ज रिझर्व्ह बँकेच्या लेखी लहान शेतकऱ्याचे कर्ज. आणि ग्रामविकास मंत्रालयाच्या लेखी ५० हजारांचे कर्ज म्हणजे ऐश्वर्य. दोन्ही कचेऱ्या दिल्लीच्याच हुकमाने चालतात.

यातला आणखी एक विनोद. शेजारच्या शेतकऱ्याने बँकेचे तोंड पाहिले नाही, सावकाराकडून शेकडा तीन-चार रुपयांनी पैसे घेतले, तर या निकषाने त्याचे नाव कटत नाही. ज्याने सरकारचे ऐकून बँकेत खाते काढले, कार्ड घेतले, वेळेवर नवे-जुने केले, त्याचे नाव कटते. सावकाराचे कर्ज असेल तर गरीब, बँकेचे असेल तर श्रीमंत. पीककर्ज बँकेतूनच घ्या म्हणून गावोगाव मेळावे भरवणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आणि शहरात? तेथे बँकेचे कर्ज हीच पहिली पायरी. कर्ज नाही तर अनुदान नाही.

गावाला एकच पायरी

साहेब म्हणतात, गावातली योजना अगदी गरिबांसाठी आहे, बागायतदारांसाठी नाही. ठीक. मग शहरात चार पायऱ्या कशाला केल्या? दुर्बल, अल्प उत्पन्न, मध्यम एक, मध्यम दोन. शहरातला माणूस एका पायरीवर बसला नाही तर वरच्या पायरीवर बसत होता. गावात पायरी एकच. तिच्यावरून पाय घसरला की सरळ खड्ड्यात.

त्या खड्ड्यात कोण आहे? २०२४ च्या निकषाप्रमाणे अडीच एकर ओलिताचा मालक बाद आणि पाच एकर कोरडवाहूचा मालकही बाद. विदर्भ-मराठवाड्यातला पाच एकर कोरडवाहूवाला सोयाबीन आणि तूर घेतो, पाऊस पडला तर पिकवतो, न पडला तर पोरांना कारखान्याच्या टोळीवर धाडतो. त्याच्या मातीच्या भिंती दर पावसाळ्यात एक हात खचतात. तो यादीत बसत नाही, कारण सातबारावर पाच एकर आहेत. तो गृहकर्जात बसत नाही, कारण त्याच्याकडे पगाराची चिठ्ठी नाही. दोन्ही पुस्तकांत त्याच्यासाठी पान नाही.

नाही म्हणायला एक पान २०१७ मध्ये लिहिले होते. ग्रामीण घरकुलात न बसणाऱ्या कुटुंबांनी घर बांधायला किंवा वाढवायला कर्ज काढले, तर २ लाखांपर्यंतच्या मुद्दलावर ३ टक्के व्याज सरकार देणार. शहरात १८ लाख उत्पन्नवाल्याला ३ टक्के, गावातल्यालाही ३ टक्के. समानता झाली म्हणावी, तर तेथे मुद्दल १२ लाखांचे आणि येथे २ लाखांचे. त्याच मुदतीने हिशेब मांडला तर शहरात २ लाख ३० हजार पडतात तेथे गावात ३८ हजारांच्या आसपास. आजच्या बैठकीत एक करा. या योजनेतून ज्याला एक रुपया मिळाला त्याला हात वर करायला सांगा आणि हात मोजा.

कागद कोठे आहे?

समजा, उद्या सरकारने गावाला शहराइतकेच व्याज-अनुदान दिले. तरी बँक कर्ज देईल काय? बँक विचारील, जागेचा कागद दाखवा. शहरातल्या फ्लॅटला नोंदणी केलेले खरेदीखत असते. आपल्या गावठाणातल्या घराला काय असते? ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. सात पिढ्या ज्या ओट्यावर काढल्या तो ओटा बँकेच्या लेखी कोणाचाच नाही.

गावठाणाची मोजणी करून घराघराला मालमत्ता पत्रक द्यायची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला निघाली. स्वराज्य मिळून तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती. इतकी वर्षे गावातल्या घराचे तारण होऊ शकत नव्हते, याचा दोष गावकऱ्याचा की मोजणी न करणाऱ्याचा? ज्यांच्या गावात ड्रोन फिरून गेले त्यांनी आजच विचारावे, पत्रक हातात पडले काय आणि ते घेऊन बँकेत गेल्यावर साहेब काय म्हणाले.

ज्याला गावठाणात जागाच नाही त्याचे हाल वेगळे. शेतातला गुंठा-अर्धा गुंठा विकत घ्यावा तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा. घरकुल मंजूर, पैसे मंजूर, पण जागा नाही, म्हणून नाव मागे, असे गावोगाव घडले. जागा घेण्यासाठी राज्याची मदत होती ५० हजार, पुढे ती १ लाख केली. पण घरकुलासाठी हजार चौरस फुटांपर्यंतचा तुकडा घेण्याची वाट कायद्याच्या नियमात व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. एका हाताने जागेला पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्या जागेचे खरेदीखत होऊ द्यायचे नाही, असा हा कारभार.

‘तुम्ही आयकर कोठे भरता?’

असा प्रश्न विचारणारे भेटतील, म्हणून उत्तर तयार ठेवा. गृहकर्जावरची आयकराची सूट आपल्याला मिळत नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. ते बरोबर आहे आणि त्याबद्दल आपली तक्रार नाही. पण वर सांगितलेले व्याजाचे अनुदान ही काही करातली सूट नव्हती. आयकराचा एक पैसा न भरणाऱ्यालाही ते शहरात मिळत होते. तेव्हा हा युक्तिवाद येथे लागू नाही.

आणि कर आपण भरत नाही हे कोणी सांगितले? १ जुलै २०१७ पासून २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत सिमेंटवर २८ टक्के जीएसटी होता. म्हणजे १०० रुपयांच्या सिमेंटमागे २८ रुपये. आता तो १८ टक्के आहे. लोखंडावर १८ टक्के आहेच. घरकुलाचे १ लाख २० हजार देणारा हात आणि सिमेंट-सळईतून त्यातले परत घेणारा हात एकाच धडाला आहेत.

घर कोण खाते?

आता मुळाशी येऊ. पाच-सात एकराचा धनी स्वतःचे घर स्वतः का बांधू शकत नाही? त्याला घरकुलाच्या यादीकडे डोळे लावून का बसावे लागते?

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत बंद राहिली. एक साधा हिशेब करा. शंभर क्विंटल कांदा आहे. सरकारच्या एका हुकमाने भाव क्विंटलमागे बाराशे रुपयांनी पडला. गेले किती? १ लाख २० हजार. बरोबर एक घरकुल! पायापासून छतापर्यंत, एकही फोटो न काढता, एकही हप्ता न चुकता, सरकारने एका हुकमात उचलून नेले. आणि मग त्याच शेतकऱ्याने ग्रामसभेत उठून विचारायचे, साहेब, माझे नाव यादीत आहे काय?

म्हणून घरकुल ही मेहेरबानी आहे, असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. आपल्या घामाचे दाम मिळाले असते तर आपण स्वतःच्या मापाने, स्वतःच्या दाराला स्वतःचे नाव घालून घर बांधले असते. बैलाला, अवजाराला आणि धान्याच्या कणगीला २५ चौरस मीटरांत जागा नसते, हे आपल्याला सांगायला कोणा इंजिनिअरची गरज पडली नसती.

भांडण कोणाशी नाही

दोन गोष्टी स्पष्ट करतो. यादीत नाव असलेल्या भूमिहीन शेजाऱ्याशी आपले भांडण नाही. त्याचे घर आधी झाले पाहिजे आणि पुऱ्या पैशांत झाले पाहिजे. त्याचे नाव काढून आपले घाला, असे म्हणणारा संघटनेचा माणूस नव्हे. यादी लहान ठेवून गावाला आपसात झुंजवायचे, हीच तर सरकारची हुशारी. शेजारी शेजाऱ्याच्या नावावर हरकत घेतो आणि ज्यांनी रक्कम ठरवली ते दिल्लीत निवांत.

शहरात पहिले घर घेणाऱ्याशीही आपले भांडण नाही. तो बहुधा आपलाच पोरगा आहे. बापाने एक एकर विकून त्याला शिकवले, आता तो हिंजवडीला नाहीतर वाळूजला नोकरी करतो आणि वीस वर्षांच्या हप्त्यात अडकला आहे. त्याला मदत मिळाली, आनंद आहे. आमचा प्रश्न एवढाच, पोराला शहरात जे मिळते ते बापाला गावात का नाही? बाप गावात राहिला, हा त्याचा गुन्हा काय?

बैठकीत ठरवायचे

वाचून घडी घालून ठेवायला हा अंक नाही. आज खालील मागण्यांवर ठराव करा, आपापल्या ग्रामसभेत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी ठरावाला कोणी विचारत नाही.

१. किसान क्रेडिट कार्डाचा निकष रद्द करा. कर्ज म्हणजे संपत्ती नव्हे.

२. गावात राहून पहिले घर बांधणाऱ्याला शहरातल्याइतक्याच मुद्दलावर, तेवढ्याच दराने व्याजाचे अनुदान द्या. पगाराच्या चिठ्ठीऐवजी सातबारा आणि पीकपेरा उत्पन्नाचा पुरावा धरा. कर्जाचे हप्ते महिन्याचे नकोत, सुगीचे ठेवा.

३. घरकुलाची रक्कम बांधकामाच्या खर्चाप्रमाणे दरवर्षी वाढवा, जसा महागाई भत्ता वाढतो.

४. गावठाणातल्या प्रत्येक घराचे मालमत्ता पत्रक घरपोच द्या आणि बँकांनी ते तारण म्हणून घ्यावे, असा लेखी आदेश काढा.

ठरावाची एक प्रत तहसीलदाराला, एक गटविकास अधिकाऱ्याला आणि एक आपल्या खासदाराला द्या. प्रत्येकाकडून पोच घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आणखी तीन आकडे लिहून आणायचे आहेत. आपल्या गावात किसान क्रेडिट कार्डामुळे किती नावे कटली, किती घरांना मालमत्ता पत्रक मिळाले आणि गेल्या पाच वर्षांत बँकेने गावठाणातल्या किती घरांना कर्ज दिले. नावे नकोत, आकडे आणा. ते जिल्ह्याचे एकत्र करून कलेक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवू आणि त्यांच्याकडूनच ऐकू, पहिले घर कोणाचे मोजायचे आणि कोणाचे नाही.